साठ पानांची वही

2025च्या श्रावणात ह्यांना साठ पूर्ण झाली. मुलं हॉल बघत होती, केकवर कोणता फोटो छापायचा ते ठरवत होती. मी मात्र तीन आठवडे आधीपासून एक वही करायला घेतली. तुमच्या घरी कोणाची साठी किंवा पंचाहत्तरी जवळ आली असेल तर ही वही जरूर करा. माणूस समोर बसलेला असताना त्याच्या आयुष्याचं मोल मांडायचं राहून जातं, आणि मग ते शोकसभेत मांडलं जातं.

साहित्य थोडंच लागतं: दोनशे पानी वही, पेन्सिल, खोडरबर, मराठी पंचांग, घरातली कागदांची पेटी. समारंभाच्या दिवसासाठी सव्वा किलो कणीक, पाव किलो तूप आणि साठ फुलवाती.

आधी तिथी नक्की करा. गुरूच्या पाच फेऱ्या आणि शनीच्या दोन फेऱ्या साधारण साठ वर्षांत होतात, संवत्सरांचं चक्रही साठचं. ह्यांचा जन्म शके 1887, विश्वावसु संवत्सरातला. शके 1947ला विश्वावसु पुन्हा आलं. आमच्यासारख्या फरीदाबादेत राहणाऱ्यांनी एक काळजी घ्यायची. इथले पंडितजी पौर्णिमान्त महिना धरतात, आपला महिना अमान्त. आपली श्रावण वद्य पंचमी इथल्या पंचांगात भाद्रपद कृष्ण पंचमी असते. नुसतं ‘सावन’ म्हणालात तर महिनाभर आधीचा दिवस काढून देतील. संवत्सराचं नावही उत्तरेत वेगळ्या गणिताने येतं, म्हणून पंचांग आपलंच जवळ ठेवा.

मग वही आखा. एका वर्षाला एक पान, पानाचे दोन भाग. डावीकडे ‘काय उभं राहिलं’, उजवीकडे ‘कोणाच्या हातांनी’. ही उजवी बाजू मला आमच्या पहिल्या घरमालकीणबाईंमुळे सुचली. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी फरीदाबादेत एनआयटी ही वसाहत वसवली गेली आणि त्या लोकांनी ती स्वतःच्या कष्टाने बांधली. बाईंचं माहेर बन्नूचं. घराची भिंत दाखवताना त्या कधी ‘हमारी दीवार’ म्हणाल्या नाहीत. ही वडिलांनी रचली, ती शेजारच्या चाचांनी, असंच सांगायच्या. उजवी बाजू रिकामी ठेवून वही पुरी करता येत नाही, हा नियम सुरुवातीलाच घाला.

आता पेटी उपसा. प्रशस्तिपत्रकं आणि निरोपसमारंभाचे फोटो बाजूला ठेवा, ते सगळ्यांना ठाऊक असतात. भाडेपावत्या, फंडाच्या चिठ्ठ्या, शाळेच्या फीची पुस्तकं, गॅसजोडणीचा कागद काढा. आम्हाला 1989 सालचा कारखान्याचा गेटपास सापडला. टाचणीचा गंज कागदात उतरून फोटोच्या कपाळावर तपकिरी डाग पडलेला, आणि मागे ह्यांच्याच अक्षरात उधारीचा हिशेब: खाट, बादली, स्टोव्ह. चोविसावं पान त्या तीन वस्तूंनी भरलं. कागद वहीत चिकटवू नका, डिंकाने शाई फुटते. पाकिटात घालून पानाला लावा.

चौथं काम फोनचं, आणि यालाच सर्वांत जास्त वेळ द्या. ‘ते कसे आहेत?’ असं विचारलंत की लोक कौतुक करतात आणि हाती काही लागत नाही. एक वर्ष सांगा आणि ‘तेव्हा काय झालं होतं?’ एवढंच विचारा. कऱ्हाडला नणंदेला मी 1989 विचारलं. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अगं, दादाला दिल्लीकडे पाठवायचं तर तिकिटाला आणि पहिल्या महिन्याच्या खर्चाला पैसे कुठे होते? माझं शिवणयंत्र ठेवलं गहाण. त्याला नको सांगू.” मी सांगितलं. ज्या गोष्टीवर माणसाचा सगळा संसार उभा आहे ती त्याला छत्तीस वर्षं माहीत नसावी, हे मला पटेना.

पडत्या काळाची पानं गाळू नका. ह्यांची कंपनी 2002मध्ये बंद पडली, पाच महिन्यांचा पगार अडकला तो अडकलाच. अडतिसाव्या पानावर काय लिहू असं विचारल्यावर हे म्हणाले, “कोरं ठेव.” मी पेन्सिल धाकट्या लेकीच्या हातात दिली. तिने डावीकडे लिहिलं: बाबा दुपारी घरी असायचे, मला सायकल शिकवली. उजवीकडे किराणावाल्याचं नाव आलं, ज्याने वर्षभर वहीवर माल दिला. आमच्या वहीतलं सगळ्यात भरलेलं पान ते आहे.

पुरी झालेली वही आठवडाभर आधी त्या माणसाच्याच हातात द्या आणि खोलीतून बाहेर या. खोडायचं ते त्याला खोडू द्या. मग उजव्या बाजूची जी माणसं हयात आहेत त्यांची यादी काढा आणि आमंत्रणाआधी त्यांच्याकडे जाऊन या. जे दूर आहेत त्यांना येण्याजाण्याचं तिकीट काढून पाठवा.

ओवाळायचे दिवे समारंभाच्या दिवशीच दुपारी करा. कणकेत चिमूटभर हळद घालून घट्ट मळा, मीठ नको. लिंबाएवढे गोळे करून अंगठ्याने खळगा पाडा, तळ चपटा करा म्हणजे परातीत कलंडत नाहीत. फुलवाती अर्धा तास तुपात भिजवून ठेवा. भाद्रपदाच्या तोंडावर फरीदाबादेत उकाडा असह्य असतो, तरी पेटवताना पंखा बंदच. साठही पानं वाचायला बसू नका. दहा-बारा निवडा आणि ज्याचं नाव उजवीकडे आहे त्यालाच वाचू द्या.

आमच्याकडे पहिली ज्योत नणंदेने लावली. हे पाटावरून उठले आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडले.

दिवे फेकायचे नाहीत. सकाळी वाती काढून घ्या, काजळी धरलेली कणीक चिमटीने खुडून टाका, आणि उरलेले गोळे गाईला द्या.