चरबी जाते कुठे?

प्रश्न : उपास केला, व्यायाम केला की चरबी झडते. ती नेमकी जाते कुठे? आणि कॅन्सरचा रुग्ण जेवत असूनही का रोडावतो?

उत्तर : चरबी घामावाटे जाते, असा अनेकांचा समज असतो. पण १० किलो चरबी पुरती जळली, तर त्यातले सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात. बाकीच्याचं पाणी होतं.

चरबीच्या पेशीत तेलाचा एक मोठा थेंब असतो आणि त्याभोवती पेरिलिपिन नावाच्या प्रथिनाचा पहारा. जेवणानंतर रक्तात इन्सुलिन असतं, तोवर थेंब सुरक्षित. पोट रिकामं राहिलं की इन्सुलिन उतरतं आणि पहारा सैल पडतो. (साबुदाण्याची खिचडी चापून केलेल्या उपासाकडून ही अपेक्षा ठेवू नये.) मग तीन विकरं पाठोपाठ कामाला लागतात आणि चरबीच्या रेणूतली तीन मेदाम्लं एकेक करून सुटी करतात. पहिलं मेदाम्ल तोडणारं ‘एटीजीएल’ हे विकर २००४ साली सापडलं. तोवर त्याचं श्रेय दुसऱ्याच विकराला मिळत होतं.

सुटी झालेली मेदाम्लं रक्तातून स्नायूंपर्यंत जातात आणि तिथल्या पेशींच्या तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत) जळतात. कार्बनच्या या लांब साखळीचे तुकडे दोन-दोन कार्बनचेच पडतात, हे फ्रान्झ क्नूपने १९०४ साली ताडलं. शरीराला जाळता येत नाही असं बेन्झीनचं कडं त्याने मेदाम्लांच्या शेपटाला जोडलं, ती कुत्र्यांना खाऊ घातली आणि त्यांचं मूत्र तपासलं. साखळीतले कार्बन सम असले तर एक पदार्थ मिळे, विषम असले तर दुसरा. साखळी कितीही लांब असो. एकेक कार्बन तुटत असता, तर हा फरक दिसलाच नसता.

आता कॅन्सर. गाठीमुळे रक्तात दाह वाढवणारी द्रव्यं उतरतात आणि पोट भरलेलं असतानाही तीच विकरं चालू राहतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी २०११ साली एटीजीएल नसलेल्या उंदरांत गाठी वाढवल्या. त्यांची चरबी टिकलीच, पण स्नायूही टिकले. बीजाशयाच्या कॅन्सरची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या पेशी पोटातल्या चरबीच्या पडद्यावर ठाण मांडतात आणि शेजारच्या पेशींना मेदाम्लं सोडायला लावून स्वतः वापरतात.

त्यामुळे रुग्ण रोडावला म्हणून घरच्या जेवणाला बोल लावू नका. नुसतं तूप वाढवून ही झीज भरून येत नाही. वजन उतरू लागताच डॉक्टरांना सांगा, आहारतज्ज्ञांचीही गाठ घ्या.