दोन कारागीर, एक दुकान : शिरकत करावी ती लिहून



सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावात रेडिओ, टीव्ही, अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा बहुधा एकटाच बसतो. सुटे भाग आणायला हिंगोलीला गेला की दुकान बंद, आजारी पडला की दुकान बंद. आलेले गिऱ्हाईक परत जाते ते दुसरीकडे वळते. यावर उपाय म्हणजे दोघांनी मिळून दुकान चालवणे. पण असे दोघे एकत्र येतात आणि वर्ष-दोन वर्षांत तोंड फिरवतात. त्यांचा हुनर कमी नसतो, हिशेब तोंडी असतो. दुकान मोडते आणि मैत्रीही मोडते. म्हणून आजचा धडा शिरकतीचा, म्हणजे भागीदारीचा.

दुरुस्तीपासून कारखान्यापर्यंत

दुरुस्तीच्या टेबलावरून धंदा किती वाढू शकतो याचा मोठा दाखला जपानचा आहे. महायुद्ध संपल्यावर १९४५ साली मासारू इबुका या तंत्रज्ञाने टोकियोतील शिरोकिया या पडझड झालेल्या दुकान-इमारतीत काही सोबत्यांसह रेडिओ दुरुस्तीचे काम सुरू केले. लोकांचे रेडिओ मोडलेले होते. काहींचे शॉर्टवेव्ह लष्करी पोलिसांनी तोडून टाकले होते. लोकांना जगाची बातमी ऐकायची होती. इबुका यांनी साध्या रेडिओवर शॉर्टवेव्ह ऐकू येईल असे जोडयंत्र तयार केले आणि ते खपले. त्यांनीच भात शिजवणारे विजेचे लाकडी भांडेही करून पाहिले. त्यात भात कधी कच्चा राहायचा, कधी त्याचा गाळ व्हायचा. ते चालले नाही. गिऱ्हाइकाची गरज दुरुस्तीच्या टेबलावर कळते, ही त्यातली पहिली शिकवण.

पुढे आकिओ मोरिता त्यांना येऊन मिळाले. ७ मे १९४६ रोजी सुमारे वीस माणसांनिशी कंपनी स्थापन झाली. इबुका यांचा जीव यंत्रात, तर मोरिता यांनी विक्री आणि व्यवहार सांभाळला. मोरिता यांच्या वडिलांनी वेळोवेळी पैसे दिले आणि त्याबदल्यात कंपनीत हिस्सा घेतला. आरंभीच इबुका यांनी कंपनीचा हेतू कागदावर लिहिला होता. अवाजवी नफ्याच्या मागे लागायचे नाही, उगाच पसारा वाढवायचा नाही, हे त्यात होते. १९५५ साली त्यांचा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. १९५८ साली कंपनीचे नाव सोनी झाले.

कामाची वाटणी, हिश्श्याचे भांडवल आणि लेखी बोली, या तीन गोष्टी आपल्यालाही जमण्यासारख्या आहेत.

आपल्या शरीअतमधील वाट

दोन कारागीर भांडवलाशिवाय, केवळ मेहनतीवर एकत्र येतात त्याला फिकहमध्ये शिरकत-उल-अमल म्हणतात. हनफी मसलकात ती जायज आहे. त्यात एकाने घेतलेल्या कामाची जबाबदारी दोघांवर येते. सेट मी घेतला नव्हता, असे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. नफ्याचे प्रमाण आधी ठरवून कमी-जास्त ठेवता येते.

पैसा तिसऱ्याचा असेल तर मुदारबा करावी. पैसेवाल्याला नफ्याचा ठराविक भाग मिळतो, दरमहा ठराविक रक्कम नव्हे. ठराविक रकमेची हमी दिली की ती व्याजाच्या वाटेला लागते. नुकसान झाले तर पैसा मालकाचा जातो आणि कारागिराची मेहनत वाया जाते. मात्र कारागिराने हयगय केली असेल तर तो जबाबदार. बारीक मसले आलिमांना विचारून घ्यावेत.

हिशेबाचा नमुना

समजा महिन्याची जमा ३०,००० रुपये. सुटे भाग ९,०००, भाडे व वीज ३,०००. उरले १८,०००. त्यातले ३,००० हत्यारे व मीटर यांसाठी बाजूला ठेवले. राहिले १५,०००. साठ-चाळीस ठरले असेल तर एकाचे ९,००० आणि दुसऱ्याचे ६,०००. महिन्याच्या मध्ये घरखर्चाला उचल घेतली तर ती त्याच दिवशी वहीत लिहावी. भांडणाचे मूळ बहुतेक वेळा ही उचलच असते.

कागदावर काय असावे

१. कोणाचे काम कोणते, दुकानात कोणी किती तास बसायचे.
२. नफा-नुकसानीचे प्रमाण आणि उचल किती.
३. कोणाची हत्यारे कोणती, याची यादी.
४. वेगळे व्हायचे झाल्यास माल, उधारी आणि गिऱ्हाइकांचे सेट यांचे काय.

१९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारात वेगळे ठरले नसेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो. म्हणजे तोंडी साठ-चाळीस ठरले तरी पुरावा नसेल तर कोर्टात पन्नास-पन्नास धरले जाऊ शकते. नोंदणी नसलेल्या फर्मला बाहेरच्या माणसावर कराराची वसुली लावण्यातही अडचण येते.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि साक्षीदार करावेत, हा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. भावाभावांत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांनी ती आयत पाहावी. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे.

गिऱ्हाइकाचा सेट ही अमानत आहे. पावती द्यावी, बदललेला भाग परत द्यावा, जेवढे बिघडले तेवढ्याचेच पैसे घ्यावेत. आज घरोघरी रेडिओ कमी आणि मोबाईल जास्त आहेत, पण टेबल तेच आणि नियमही तेच. अशा कमाईत अल्लाहतआला बरकत देईल, इन्शाअल्लाह.