सुगीनंतरचा विसावा

शास्त्रपाठ : निर्गम २३:१२, ३४:२१, मार्क ६:३०-३४

भालकी तालुक्यातील खटकचिंचोळीसारख्या गावी तुरीची व ज्वारीची रास घरात आली की मृगापर्यंत आपल्याला थोडी सवड मिळते. पण सवड मिळाली म्हणजे विसावा मिळालाच असे नाही. हात रिकामे होतात; मन मात्र कर्जाचे व पावसाच्या काळजीचे ओझे वाहतच राहते.

देवाने नांगरणीच्या व कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी थांबण्यास सांगितले. म्हणजे विसावा हे काम संपल्याचे बक्षीस नव्हे. पीक देणारा देव आहे, या विश्वासाची ती कृती आहे. त्या विसाव्यात बैल, गाढव, दासीपुत्र व परकाही आला. मग सुटीत आपण निजावे आणि पाहुण्यांसाठी घरच्या बायांनी दिवसभर चुलीपुढे राबावे, हा कसला विसावा?

येणाऱ्याजाणाऱ्यांमुळे प्रेषितांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून प्रभूने त्यांना एकांती बोलावले. आपल्या घरी असे कोण आहे? या रविवारी तिच्या हातचे काम आपण घेऊ या, आणि मग सर्व मिळून प्रार्थनेस बसू या.

वर्गासाठी प्रश्न : ऐन पेरणीत उपासनेचा दिवस पाळणे आपल्याला का जड जाते?