माझा आवडता प्राणी : कारवान कुत्रा (निवड आणि निगा)



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण दरवर्षी लिहून घेतो. कुत्रा इमानी असतो, घराची राखण करतो, अशी दहा वाक्यं मुलांना तोंडपाठ असतात. पण कुत्र्याला रोज काय लागतं, हे त्यात कुठेच येत नाही. मग मुलं हट्ट करतात, घरात पिल्लू येतं आणि सहा-आठ महिन्यांत ते आवरेनासं झालं की दिवसभर साखळीला राहतं किंवा गावाबाहेर सोडलं जातं. म्हणून एका चपळ देशी जातीचं उदाहरण घेऊन आज हा पाठ पाहू या.

ओळख

सांगली, सोलापूर, लातूर भागात ज्याला 'कारवान' म्हणतात, तोच 'मुधोळ हाउंड'. मुधोळ हे गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथल्या संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी जातींवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड होता. भारतीय सैन्यातही या कुत्र्यांना प्रशिक्षण दिलं गेलं आहे.

लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट आणि लांब पाय ही याची खूण. अंगावर लांब मऊ केस असतील तर लोक त्याला 'पश्मी' म्हणतात. हा कुत्रा वासापेक्षा नजरेने सावज हेरतो आणि वाऱ्यासारखा मागे धावतो. पूर्वी सशाच्या शिकारीसाठी तो पाळत. आज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अशी शिकार गुन्हा आहे, हे मुलांना आवर्जून सांगा.

आणण्याआधी स्वतःला विचारा

१. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास कोण देणार? 'मुलगा फिरवेल' हे उत्तर चालणार नाही. मोठा धावता कुत्रा दहा वर्षांच्या मुलाच्या हातात आवरत नाही. जबाबदारी मोठ्यांचीच.

२. कुंपण असलेली जागा आहे का? याला मांजर किंवा कोंबडी पळताना दिसली की तो हाक ऐकत नाही. रस्त्यावर पट्टा सोडू नका.

३. घरात शेळ्या-कोंबड्या आहेत का? असतील तर पिल्लूपणापासून सवय लावावी लागते, आणि तरीही लक्ष ठेवावं लागतं.

४. आपण दिवसभर बाहेर असतो का? एकटा, बांधलेला चपळ कुत्रा भुंकतो, खड्डे करतो, चपला फाडतो. तो वाईट नसतो, त्याची ताकद जिरलेली नसते.

उत्तरं नकारार्थी आली तर शांत स्वभावाचा प्रौढ गावठी कुत्रा दत्तक घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

पिल्लू घेताना त्याची आई बघा आणि ती राहते ती जागाही बघा. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आई-भावंडांत राहिलेलं पिल्लू किती जोराने चावायचं नाही, हे खेळता खेळता शिकतं. म्हणून घाई नको.

रोजची निगा

व्यायाम : पिल्लाला मोकळं खेळू द्या, पण वर्षभर तरी गाडीमागे पळवू नका, हाडं अजून वाढत असतात. उन्हाळ्यात पहाटे आणि दिवस मावळल्यावर फिरवा. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पायही भाजतील.

आहार : हा कुत्रा मुळातच सडपातळ असतो. 'वाळलाय बिचारा' म्हणून शेजारी जास्त खाऊ घालतात, ते टाळा. नुसत्या भाकरी-दुधावर भागत नाही. अंडं, उकडलेलं मांस हवं. शिजवलेलं हाड, कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट देऊ नका. खोल छातीच्या कुत्र्यांना जेवणानंतर लगेच पळवलं तर पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून तासभर थांबा.

झोप : अंगावर चरबी कमी, त्यामुळे थंडी लागते आणि फरशीवर कोपरं सोलतात. जाड गोणपाट किंवा जुनी गोधडी पुरते.

लस : पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लशी सहा ते आठ आठवड्यांपासून, रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात, नंतर पशुवैद्यक सांगतील तशा. जंताचं औषध आणि गोचिडांवरचा उपाय विसरू नका.

मुलांसाठी चार नियम

जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लं पाजणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही. अनोळखी कुत्रा आला तर पळायचं नाही, झाडासारखं स्थिर उभं राहायचं. शेपूट ओढायची नाही. चावला, ओरखडलं, तर लपवायचं नाही : जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. रेबीज झाल्यावर वाचणं जवळजवळ अशक्य असतं, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. मार बसेल या भीतीने मुलं चावा लपवतात. त्यामुळे 'आम्ही रागावणार नाही' हे आधीच सांगून ठेवा.

वर्गातला उपक्रम

पाचवीला हे गणित द्या : रोज दीड तास फिरवायचं, कुत्रा बारा वर्षं जगला, तर एकूण तास किती? वर्षाला ५४७ तास ३० मिनिटं, बारा वर्षांचे ६५७० तास. हा आकडा फळ्यावर लिहा आणि विचारा, 'एवढा वेळ आपल्या घरात कोणाकडे आहे?' उत्तर मुलांनी घरी बसून आई-बाबांसोबत लिहून आणायचं.

पाळलेला प्राणी उपाशी-तहानलेला राहील असा सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा हे गणित मुलांना लवकर पटतं. ज्या घरात उत्तर 'कोणाकडेच नाही' असं येईल, तिथे पिल्लू न आणणं हेही प्राण्यावरचं प्रेमच आहे, एवढं मुलांपर्यंत पोहोचलं की पाठ पूर्ण झाला.