शाळेसाठी टॅब्लेट : किंमत आणि उपयोग

मुळशी तालुक्यातील शाळेसाठी टॅब्लेट घ्यावयाचा झाल्यास ग्रामपंचायतीने नुसती किंमत पाहून भागणार नाही. केंद्र शासनाने २०११ मध्ये सादर केलेला 'आकाश' टॅब्लेट शासनास २,२७६ रुपयांत पडला. मात्र त्याचा पडदा बोटाला सहज दाद देत नसे व बॅटरी लवकर उतरे. स्वस्ताईचे कौतुक फार टिकले नाही. २०१२ मध्ये जवळपास तेवढ्याच किमतीत अधिक चांगला पडदा व वेगवान प्रोसेसर असलेला 'आकाश-२' आला; म्हणजे उणीव केवळ पैशाची नव्हती. यास्तव खरेदीपूर्वी नमुन्याचे एक यंत्र घेऊन, वीज व नेटवर्क नसताना त्यावर बालभारतीची उतरवून ठेवलेली पुस्तके शाळाभर वेळ वाचून पाहावीत. ताम्हिणीकडच्या पावसाळ्यात हीच कसोटी लागते. दुरुस्ती पौडला होईल की पुण्यास जावे लागेल, हेही विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.