शस्त्राचे रूप आणि शस्त्राचा वर्ग

लखनौच्या चौकातील एखाद्या परवानाधारकाच्या घरी .315 बोअरची रायफल असली, तर पाहणाऱ्यास ती सैन्याच्या जुन्या .303 रायफलीसारखीच वाटेल. दोहोंची घडण ली-एनफील्ड पद्धतीचीच आहे. तरीही 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनुसार पहिलीस सामान्य परवाना मिळू शकतो, दुसरी मात्र निषिद्ध बोअरची ठरते. कारण तिच्यात सैन्याचे काडतूस बसते. वर्गीकरणाची कसोटी रूप ही नव्हे; शस्त्रात कोणते काडतूस बसते व ते कसे सुटते, ही होय.

अमेरिकेने 1994 साली वेगळी वाट धरली. संगीन अडकविण्याची सोय, पिस्तुलासारखी मूठ अशा लक्षणांवरून तेथे कित्येक अर्धस्वयंचलित रायफली निषिद्ध ठरल्या. उत्पादकांनी ती लक्षणे काढून टाकली आणि जवळजवळ त्याच रायफली पुन्हा विक्रीस आणल्या. 2004 मध्ये त्या कायद्याची मुदत संपली.

मग रूपास काहीच महत्त्व नाही काय? भारतीय कायद्याचे 28 वे कलम याचे उत्तर देते. अटक टाळण्यासाठी नकली बंदूक वापरणाऱ्यासही सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तिच्यातून गोळी सुटत नाही. समोरच्या माणसाचे भय मात्र खरे असते. म्हणून परवाना देताना शस्त्राची यंत्रणा पाहावी. गुन्हा तोलताना त्याचे रूपही पाहावे.