वाचनाचा नेम व वाचनाची वही

शेणवा, किन्हवली, डोळखांब या बाजूच्या मंडळ्यांतील वाचकांस आज आम्ही एक साधा प्रश्न विचारतों. गेल्या दिवाळीपासून आपण कोणकोणतीं पुस्तकें वाचून पुरीं केलीं? पुष्कळांस नांवें आठवणार नाहींत. वाचलें नाहीं असें नव्हे. वाचलें, पण कोठें टिपून ठेविलें नाहीं. मजुरांचे खाडे आपण लिहितों, दुधाचा रतीब लिहितों, उसनवारी तर लिहितोंच; वाचनाचा मात्र हिशेब कोणी ठेवीत नाहीं. यांत केवळ विस्मरणाचीच हानि नाहीं. प्रौढपणीं अक्षर शिकलेला मनुष्य चारसहा महिने पुस्तक हातीं न धरील, तर त्याचें वाचन अडखळूं लागतें, आणि मग लाजेनें तो पुस्तकच टाळतो. आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेल्या मुलांचें असें होतांना आपण डोळ्यांनीं पाहतों.

आमचीच चूक सांगतों. एका वर्षीं १ जानेवारीस आम्हीं बारा पुस्तकांचा संकल्प केला, महिन्यास एक. मेअखेर पांच झालीं. मग मृग लागला. पेरणी आली, तिच्यामागून आवणी आली. वहीचीं पानें ऑगस्टपर्यंत कोरीं राहिलीं. मागें पडलों या खिन्नतेनें पुढचें वाचनही सुटलें. दोष पावसाचा नव्हता. संकल्पच चुकीच्या पंचांगावर बांधला होता. भात करणारानें वर्षाचे बारा महिने सारखे धरूं नयेत. आषाढांत दिवसास दोन पानें झालीं तरी पुरे. झोडणी आटोपून धान्य घरांत आल्यावर, पौषापासून चैत्रापर्यंत, जाड पुस्तकास हात घालावा. डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशीं, १५ ऑक्टोबर रोजीं, आपल्या राज्यांत वाचन प्रेरणा दिन पाळतात. त्या सुमारास आपल्याकडे हळवें भात कापणीस आलेलें असतें; पण जन्मदिवस कांहीं भात पाहून येत नाहीं!

नेम कशाचा धरावा? पुस्तकांच्या संख्येचा नेम फसवा आहे. तो पुरा करण्याच्या भरांत मनुष्य पातळ पुस्तकेंच निवडूं लागतो. वेळेचा नेम अधिक भरंवशाचा. महात्मा गांधी १९२२ च्या मार्चपासून १९२४ च्या फेब्रुवारीपर्यंत कैदेंत होते. येरवड्याच्या तुरुंगांत त्यांनीं दिवसाचे सहा तास वाचनलेखनास व चार तास पिंजण आणि सूतकताई यांस वांटून दिले, आणि कोणतें पुस्तक केव्हां संपलें हें रोजनिशींत टिपलें. त्या काळांत सुमारें १५० पुस्तकें वाचून झालीं. समग्र महाभारत त्यांनीं प्रथम तेथेंच वाचलें. आपणांस सहा तास कोठून मिळणार? पाव तास मिळेल. पाव तासांत सावकाश वाचणाराचीं पांच पानें होतात, म्हणजे २०० पानांचें पुस्तक ४० दिवसांत संपतें. हा हिशेब पुस्तक उघडण्यापूर्वींच करावा व शेवटची तारीख पहिल्या पानांत चिठ्ठीवर लिहून ठेवावी.

शास्त्रवाचनाचा हिशेबही असाच मांडतां येतो. नव्या करारांत २६० अध्याय आहेत. आठवड्यास पांच वाचिले कीं ५२ आठवड्यांत तो पुरा होतो, आणि दोन दिवस चुकलेल्यांच्या भरपाईस उरतात. स्कॉटलंडांतील डंडी शहराचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनीं १८४२ सालीं आपल्या मंडळीसाठीं संपूर्ण शास्त्राच्या वाचनाचें वार्षिक कोष्टक तयार केलें. तें आजही वापरांत आहे. विशेष हें कीं, कोष्टकाचे धोकेही त्यांनीं स्वतःच सांगितले: वाचन निव्वळ रिवाज होऊन बसणें, नेम पाळल्याचा गर्व चढणें, घाईनें पानें उलटणें, आणि कित्येकांस तें न पेलणारें जूं वाटणें. हे चारही धोके आमच्या पाहण्यांत आहेत. पैकीं दुसरा उपदेशकांस अधिक बाधतो.

आतां वहीविषयीं. शाळेची जुनी आडव्या रेघांची वही पुरते. तींत सहा घरें आंखावीं: आरंभाची तारीख, पुस्तक व लेखक, एकूण पानें, पुस्तक कोणाचें, समाप्तीची तारीख, आणि एक वाक्य. कोणाचें हें घर आम्हीं मुद्दाम घातलें आहे. मागून आणलेलें पुस्तक परत न गेल्यामुळें गांवांत पुस्तकें मिळेनाशीं होतात. शेवटचें घर सर्वांत मोलाचें. तेथें 'चांगलें आहे' असें लिहूं नये. पुस्तकांतील काय लक्षांत राहिलें, कोठें आपलें मत जुळलें नाहीं, कोणता शब्द अडला, तें लिहावें. अर्ध्यावर सोडलेलें पुस्तकही नोंदावें व सोडल्याचें कारण द्यावें. आमच्या वहींत अशीं सोडलेलीं पुस्तकें पुष्कळ आहेत, आणि त्यांचीं कारणें वाचतांना आमचीच आम्हांस अधिक ओळख पटते.

लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर अक्षर शिकल्या. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. असें मोठें पुस्तक भागवार वाचून प्रत्येक भागाची निराळी नोंद करावी, म्हणजे मध्येंच धीर सुटत नाहीं. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं ऐकलेलें पुस्तकही त्यांच्या नांवें लिहावें. सुनेनें वाचावें, सासूनें ऐकावें, आणि नोंद दोघींच्या वहींत व्हावी. सासूबाईंचें वाक्य सुनेनें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें.

मोबाईलवर यादी ठेवणारांनीं तिची एक प्रत कागदावर करावी, कारण फोन बदलला कीं यादी जाते. वहींत शिसपेन्सिलीनेंच लिहावें. आपल्या पावसांत शाई फुटते. वही भिंतीच्या कोनाड्यांत ठेवूं नये, तेथें वाळवी लागते. घट्ट झांकणाच्या डब्यांत कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासह ठेवावी, व उघाड पडेल त्या दिवशीं ऊन दाखवावें.